जाड आणि उंच माणसानं रानात जायचं तर घालायचं काय?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जंगल सफारीला जाताना कपडे कसे निवडावेत यावर अर्धं पान मजकूर आलाय, तो मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्यानं चांगलं लिहिलंय, मातकट रंग, पूर्ण बाह्या, टोपी, सगळं बरोबर आहे, पण फोटोतला मुलगा असेल ५ फूट ८ इंच आणि पासष्ट किलोचा, आणि खाली साइजचा तक्ता दिलाय तो डबल एक्सएलला संपतो. माझी उंची ६ फूट ३ इंच, वजन १२८ किलो, छाती ५२, कंबर ४८. माझ्यासारखे लोक या कोकणात कमी नाहीत, बंदरावर बघा, गावच्या कबड्डीच्या संघातून बाहेर पडलेले बघा, आणि ते सगळे तो तक्ता बघून पान उलटणार. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कृपा करून कापू नका, कारण हा नुसता दिसण्याचा विषय नाहीये, रानात चुकीचा कपडा माणसाला जायबंदी करू शकतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहा जण शृंगारपुराहून प्रचितगडावर निघालो होतो, रीतसर परवानगी काढून, कारण पलीकडे चांदोलीचं रान म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प लागतो. मी ऑनलाइन मागवलेली ट्रेकिंगची पॅन्ट घातली होती, फोर एक्सएल, कंबरेला अगदी बरोबर बसलेली. वर गडाजवळ लोखंडी शिडी आहे, तिच्या पहिल्या पायरीवर पाय उचलून ठेवला आणि आसन उसवलं. नुसती टीप सुटली असती तर सेफ्टी पिना लावल्या असत्या, पण कापडच फाटलं, पुढून पार मागपर्यंत. शिडी मी चढलो नाही, तिथूनच परत फिरलो, आणि उतरताना मांड्या एकमेकींवर घासून घासून सोलवटल्या, त्यात करवंदीच्या जाळ्या, त्यात घाम. खाली गावात पोचेपर्यंत चालताना डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढे आठ दिवस नीट बसता आलं नाही. सोबतच्या पोरांना माझ्या वेगानं उतरावं लागलं आणि खाली येईस्तोवर अंधार पडला, हे जास्त वाईट. त्या पॅन्टची कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या दोन कंपन्यांच्या पॅन्टांचीही तीच तऱ्हा मी बघितलीय.

चूक कुठे आहे ते मला बऱ्याच उशिरा कळलं. हे लोक मिडियम मापाचा बेत घेतात आणि तोच सगळीकडून फुगवतात, कंबर वाढते, घेर वाढतो, पण आसनाची खोली पाहिजे तेवढी वाढतच नाही, म्हणजे कंबरेपासून खाली दोन पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत जे अंतर भरतं ते. जाड माणसाला तिथेच कापड जास्त लागतं. शर्टाचंही तसंच, छातीला ५२ मिळतो पण मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा घेर, खाली उतरलेला, त्यामुळे हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो आणि पाठ उघडी पडते. आणि जाड वेगळं, उंच वेगळं, हे तर आपल्या दुकानदारांना मान्यच नाही. अमेरिकेत बिग आणि टॉल अशी दोन वेगळी मापं ठेवतात, एकात घेर वाढतो, दुसऱ्यात बाही आणि अंगाची लांबी वाढते, आणि माझ्यासारख्याला दोन्ही लागतं. आपल्याकडे नुसते एक्स वाढवत जातात. मध्ये वाचलं होतं की राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं इंडियासाइज नावाचा प्रकल्प घेतलाय, मुंबई धरून सहा शहरांतल्या पंचवीस हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, म्हणजे भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता तयार होईल. चांगलंच काम आहे. त्यातून मोठ्या मापांचाही नीट तक्ता बाहेर यावा एवढी माझी इच्छा आहे.

मी बावीस वर्षं जहाजावर होतो, इंजिन रूममध्ये. एकदा डर्बनला जहाज बरेच दिवस अडकलं होतं तेव्हा तिथल्या एका भारतीय वंशाच्या मित्रानं मला सोबत नेलं, त्याच्या ओळखीच्यांचा शिकारीचा कॅम्प होता, खासगी रान, परवान्याची शिकार, तिकडे ती कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे, मी तिकडेही बंदूक हातात घेतली नाही, नुसता मागे मागे चाललो. पण तिथला वाटाड्या शिकारी, माझ्यापेक्षाही उंच आणि तितकाच जाड गडी, त्याचे कपडे मी जे बघितले ते अजून डोळ्यासमोर आहेत. सहा तास माणूस चालला, गुडघ्यावर रांगला, मुंग्यांच्या वारुळाआड ओणवा बसला, पण एकदाही त्यानं पॅन्ट वर ओढली नाही की शर्ट आत खोचला नाही.

संध्याकाळी शेकोटीपाशी मी त्याला विचारलं, तर तो उठून उभा राहिला आणि दाखवायला लागला. शर्टाच्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मागे एकेक खोल चुणी होती, हात पुढे घेतला की ती उघडायची, हात खाली आला की मिटायची. शर्टाची लांबी एवढी की दोन्ही हात डोक्यावर नेले तरी खालची कड कमरेतून सुटत नव्हती. उजव्या खांद्यावर, जिथे बंदुकीचा दस्ता टेकतो, तिथे कापड दुहेरी आणि बटण कुठलंही नाही, कारण धक्क्यानं ते खांद्यात रुततं. पॅन्टला पट्टा नव्हताच, गॅलिस होते, म्हणजे पॅन्ट खांद्यावरून तोलून धरणारे पट्टे. मला म्हणाला, पोट पुढे असलेल्या माणसाला पट्टा म्हणजे शिक्षाच, पोटाच्या वर बांधला तर श्वास कोंडतो, खाली बांधला तर घसरतो, त्यापेक्षा सगळं वजन खांद्यावर घे. आमचे आजोबा कोर्टात जाताना गॅलिस लावायचे तो शब्द मला तिथे आठवला, आफ्रिकेत.

रंगाचं त्यानं जे सांगितलं ते तुमच्या पुरवणीत अर्धंच आलंय म्हणून लिहितो. निळा आणि काळा टाळायचा, आणि त्याला कारण आहे, आफ्रिकेच्या ज्या भागात त्सेत्से माशी आहे, झांबेझी खोऱ्यात वगैरे, तिथे ती माशी गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते, तिला पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगाच्या कापडाचे करतात. शिवाय हरणवर्गातल्या जनावरांना लाल-नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही पण निळा चांगला दिसतो, म्हणजे आपण जीन्स घालून रानात शिरलो की झाडामागे लपून काही उपयोग नाही. आपल्या धुण्याच्या पावडरीत कपडे चमकावणारं जे द्रव्य असतं ना, तेही निळसरच उजेड फेकतं, म्हणून रानातले कपडे साध्या साबणानं धुवावेत, नीळ तर अजिबात नको. आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे, जे आपली पोरं हौसेनं घेतात, ते घालून झिंबाब्वे किंवा झांबियात उतरलात तर अडचणीत याल, तिकडे सामान्य माणसानं लष्करासारखं दिसायला बंदी आहे. मातकट, गवती, खाकी, बस्स. खाकी हा शब्दच खाक म्हणजे धूळ यावरून आलाय आणि तो रंग १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं अंगावर घेतला, म्हणजे हे ज्ञान मुळात आपल्याच बाजूचं. सफारी शब्दही आपल्या सफरचा भाऊच, अरबीतून स्वाहिलीत गेलेला.

सफारी म्हटलं की आपल्या पिढीला सफारी सूट आठवतो, लग्नात आहेर म्हणून सफारीचं कापड द्यायचे, माझ्या वडलांकडे तीन होते. त्या सूटचा वरचा शर्ट बाहेर सोडायचा, खाली दोन्ही बाजूंना चिरा, मोठे खिसे, हा बेत मोठ्या अंगाच्या माणसाला खरंच सोयीचा होता, वारा खेळतो आणि पोटावर ताण येत नाही. टेरिकॉटच्या जागी बरं कापड वापरलं असतं तर तो आजही रानात चालला असता.

परत आल्यावर बरीच वर्षं मी आळस केला, ऑनलाइनच्या नादी लागलो, आणि प्रचितगडाचा तो प्रसंग झाला. मग आमच्या बाजारपेठेतल्या टेलरकाकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, दुकान म्हणजे एक मशीन आणि एक फळी. त्यांना फाटलेली पॅन्ट दाखवली, त्यांनी ती उलटी केली, शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाले, "भाऊ, ह्यात मायाच नाही हो." पाव इंच कापड शिवणीत सोडलेलं, ओढ बसली की फाटणारच. मग माप घ्यायला उभे राहिले. आजवर प्रत्येक टेलरनं मला ताठ उभं करून माप घेतलंय, आणि आपण पण पोट आत ओढून उभे राहतो. काकांनी मला आधी स्टुलावर बसवलं आणि कमरेचं माप घेतलं, मग उठवून उकिडवं बसायला सांगितलं, या वजनाला उकिडवं बसणं सोपं नाही, फळीला धरून बसलो, आणि त्यांनी टेप मागच्या कमरेपासून खालून पुढपर्यंत धरली. उभ्यात आणि उकिडव्यात साडेतीन इंचांचा फरक भरला. "रानात तुम्ही काय फोटोसारखे उभे राहणार आहात काय," म्हणाले, "ज्या कामाला कपडा त्या कामात माप." वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत त्या शिकाऱ्यानं हात वर करून, गुडघा टेकून हेच दाखवलं होतं.

त्यांनी काय केलं ते जरा सविस्तर सांगतो कारण कुणाही टेलरला हे जमेल. पॅन्टच्या आसनात चारही शिवणी एका ठिकाणी येतात तिथेच फाटतं आणि तिथेच मांडी घासते. काकांनी तिथे पतंगाच्या आकाराचा एक तुकडा घातला. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाले त्यांचे वडील बंडी शिवायचे, तिच्या बगलेत चौबगला असायचा, हात मोकळा हलावा म्हणून, तोच मी तुमच्या पायांत घातला. त्यामुळे शिवणी मांडीच्या मधून सरकून पुढे-मागे गेल्या आणि जिथे घर्षण होतं तिथे सपाट कापड आलं. मागची कंबर पुढच्यापेक्षा दोन इंच चढती बेतली, खाली वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. इलॅस्टिक फक्त दोन बाजूंना, गॅलिसची सहा बटणं आतून. गुडघ्यावर दुहेरी कापड. आतल्या शिवणी जीन्ससारख्या, कडा एकमेकींत दुमडून वर दोन टिपा. आणि मागच्या शिवणीत चांगली दीड इंच माया ठेवली, वजन वाढलं-घटलं तर सोडता किंवा घेता येईल, जाड माणसाचं वजन वर्षात पाच-सात किलो इकडे तिकडे होतंच. शर्टाच्या बगलेतही चौबगला, पाठीला चुण्या, बाह्या मनगटाच्या खाली दीड इंच, कारण हात वाकवला की बाही वर चढते. मांडीवरचा खिसा बाजूला न घेता जरा पुढे घेतला, नाहीतर जाड माणूस चालताना त्यातली वस्तू प्रत्येक पावलाला आपटते आणि आवाज होतो.

दोन शर्ट, दोन पॅन्टा, कापडासकट साडेचार हजारांत झालं. ५८ इंच पन्ह्याचं कापड शर्टाला सव्वादोन मीटर आणि पॅन्टला दोन मीटर लागलं. आणि महत्त्वाचं म्हणजे कापड बेतायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवून आणायला लावलं, सुती कापड आटतं आणि मोठ्या मापात आटणं पण मोठंच असतं.

कापडाबद्दल मात्र आफ्रिकेतलं ज्ञान इकडे जसंच्या तसं चालत नाही. तिकडे शिकारीचा मोसम त्यांच्या हिवाळ्यात, हवा कोरडी, पहाटे थंडीनं दात वाजतात आणि दुपारी ऊन, तिथे जाड सुती ड्रिल उत्तम, काट्यात टिकतं आणि चालताना सळसळत नाही. आपल्याकडे आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाट चढताना हवेतच पाणी, तिथे तेच ड्रिल भिजलं की दोन दिवस वाळत नाही, आणि मोठ्या मापाचा ओला कपडा किती जड होतो ते ज्यानं घातलाय त्यालाच ठाऊक. म्हणून पावसाळ्यात पातळ, सुती-पॉलिस्टर मिश्र, आणि दिवाळीनंतर मार्चपर्यंत सुती, असं मी ठरवलंय. मोठ्या अंगाला उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, घाम जास्त, त्यामुळे पाठीवरच्या पट्टीखाली जाळी लावून घ्यावी. मांड्यांसाठी आतून लांब पायांची अंडरवेअर, गुडघ्याच्या वर चार बोटं येईल अशी, हे लिहायला लाजायचं कारण नाही, हजारो माणसं ह्याच एका त्रासापायी चालायचं सोडतात.

आणि दोडामार्ग-बांद्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, २०१६ पासून तिकडे माकडतापानं काजूच्या बागांत काम करणारी किती माणसं आजारी पडली. तो ताप रानातल्या गोचिडीच्या चावण्यातून येतो. तिथे पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली आणि फिकट रंग, फिकट कापडावर गोचीड चढताना दिसते, एवढा उपाय तरी आपल्या हातात आहे. आता ज्याच्या पॅन्टची लांबी घोट्याच्या वर चार बोटं संपते तो मोज्यात काय खोचणार? ज्याचा शर्ट वाकल्यावर कमरेतून सुटतो त्याची उघडी पाठ गोचिडीला मोकळीच. लहान मापाच्या माणसाला जो कपडा संरक्षण देतो तो मोठ्या माणसाला देत नाही, हे आरोग्य खात्याच्या माणसांनीही ध्यानात घ्यावं, कारण बागेत कामाला येणारे सगळे काही सडपातळ नसतात. फुरशाचंही तेच. रत्नागिरीच्या जांभ्या सड्यावर फुरसं किती हे इथल्या माणसाला माहीतच आहे, घोट्यापर्यंत चामड्याचा बूट पाहिजेच, आणि १२ नंबरचा बूट मला रत्नागिरी-चिपळूणात मिळाला नाही, कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या कारागिराकडून पाय कागदावर आखून देऊन शिवून घेतला. आखताना उभं राहून आखा, अंगाचा भार पडला की पाय पसरतो.

थोडं विषयाबाहेर जातंय, पण किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीत बसवताना लाइफ जॅकेट देतात त्याचं बकल माझ्या पोटावर लागत नाही, दोन वेळा मला "राहू दे काका, नुसतं अडकवा" असं सांगून बसवलंय. हे थांबायला हवं. प्रत्येक बोटीवर दोन तरी मोठी जॅकेटं हवीत.

माझी विनंती एवढीच की त्या मजकुराचा दुसरा भाग छापा, मोठ्या आणि उंच माणसांसाठी, त्यात साइजच्या नावांऐवजी इंचांत मापं द्या, आसन, मुंढा, बाही, अंगाची लांबी, आणि बसून घेतलेलं कमरेचं माप. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या प्रगणनेला मचाणावर बसायला जे स्वयंसेवक नेतात त्यांना पाठवायच्या सूचनांतही हे यावं, कारण बारा तास अवघडून बसायचं असतं आणि कपडा करकचला की माणूस हलतो, माणूस हलला की जनावर पाण्यावर येत नाही.

काकांनी माझ्या पॅन्टचा बेत खाकी कागदावर कापून ठेवलाय, दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. त्यावरून आजवर आणखी तिघांच्या पॅन्टा झाल्या, त्यातला एक वनमजूर आहे, एक आंब्याच्या बागेत राखणीला असतो. आपली हरकत नसेल तर त्या बेताची आकृती मापांसकट कागदावर काढून मी कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतो, काकांची परवानगी घेतलीय. ते म्हणाले, छापताना चौबगल्याचा तुकडा उरेबी, म्हणजे कापडावर तिरका, कापायचा हे लिहायला विसरू नका, आडवा-उभा कापलात तर ताणला जाणार नाही आणि पुन्हा तिथेच फाटेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
देवरुख, जि. रत्नागिरी